उन्हाळी शिबिराचा बिनविरोध अध्यक्ष

पोरांच्या उन्हाळी शिबिराचा अध्यक्ष व्हायचं म्हणून मी पॅनल उभं केलं. समोर दुसरं पॅनलच नाही, ते का नाही, एवढी साधी गोष्ट मी कुणाला विचारली नाही.

खरं तर घरून मला पाठवलं होतं ते फक्त पोरीचं नाव घालायला. बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिची नांदेडहून लातूरला बदली झाली आणि तिच्या मागोमाग मी, माझा ठिबकच्या नळ्यांचा धंदा आणि साडेचार वर्षांची पोरगी असा सगळा लवाजमा लातुरात येऊन पडला. पोरगी बोलकी, धीट, कुणाच्या बापाला न भिणारी. अडचण एकच. घराबाहेर ती संडासला जायची नाही. नांदेडच्या बालवाडीत सकाळी हसत जायची, आणि पोटात कळ आली की दाराशी उभी राहून असा सूर लावायची की तिथल्या बाई फोन करायच्या, "घेऊन जा बाबा हिला." असं रोज व्हायला लागल्यावर त्यांनी सांगून टाकलं, अजून वर्षभर घरीच ठेवा.

आता जूनपासून ती लातूरच्या शाळेत जाणार होती. तिथंही तोच सूर लागला तर तिथूनही परत येणार, याची धास्ती बायकोला होती. सध्या तिची रात्रपाळी होती. सकाळी घरी येऊन ती झोपायची आणि गरज पडली की पोरगी तिला हलवून उठवायची. जूनपासून दिवसपाळी. "मग ही कुणाला उठवणार?" बायको विचारायची. मी होतो की घरात. पण पोरगी या कामासाठी मला माणसात धरत नव्हती. का धरत नव्हती, ते पुढं येईलच, आणि माझ्या तोंडून येणार नाही.

तर आमच्या गल्लीतल्या आयांनी मिळून गेल्या उन्हाळ्यापासून एक शिबिर चालवलं होतं. सर नाही, मॅडम नाही, सगळी कामं आईबापांनीच वाटून घ्यायची. लातुरात ट्यूशनवाल्यांचे हॉल परीक्षा संपल्या की काही दिवस ओस पडतात, तसला एक हॉल मिळवलेला. सकाळी साडेसात ते अकरा. मातीकाम, गाणी, नाटुकलं, कैरीचं पन्हं, चुरमुऱ्यांचा सुशीला. आजूबाजूला सगळे ओळखीचे आईबाप असले तर पोरीची भीड चेपेल, असा बायकोचा हिशोब.

"एकच जागा उरलीय," ती म्हणाली. "मी झोपेला आलेय. तुम्ही बैठकीला जा, नाव घाला, एखादं काम पदरात घ्या आणि गपगुमान परत या. तिथं बोलू नका काही."

"मी कशाला बोलतो?"

तिनं हात जोडले आणि कूस बदलली.

घोळ केला तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपानं. त्यात लिहिलं होतं, 'पालकांचं सहकारी शिबिर', आणि खाली, 'अध्यक्ष बैठकीत ठरेल.' मी मुखेडकडचा माणूस. आमच्या भागात सहकारी म्हटलं की पुढचा शब्द अध्यक्ष, त्याच्या पुढचा पॅनल आणि त्याच्या पुढचा भजे. माझे काका गावच्या दूध संस्थेचे इतकी वर्षं अध्यक्ष होते, की खुर्चीवरच्या टॉवेलला त्यांच्या पाठीचा आकार आला होता. ते गावाला गेले तरी त्या खुर्चीत कुणी बसत नसे. टॉवेल बसलेला असे. लहानपणी मी तो टॉवेल बघत बघत मोठा झालो. पुढं नांदेडला आमच्या अपार्टमेंटच्या सोसायटीत उभा राहिलो तर मला दोन मतं पडली. त्यातलं एक बायकोचं असावं असा माझा समज होता, तो तिनं वेळीच दूर केला.

म्हणून या वेळी मी आधीच बंदोबस्त केला. गेल्या वर्षी ज्यांची पोरं शिबिरात होती असे तीन बाप हेरले. समोरचा औषध दुकानदार, एक विमा एजंट आणि भूमापनच्या कचेरीतला एक कारकून. तिघांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं, गरम भजे सांगितले आणि मुद्द्याला हात घातला.

"अध्यक्ष?" औषध दुकानदार म्हणाला. "तुम्ही? स्वतःहून?"

"का? काही हरकत?"

"छे छे! हरकत कसली भाऊ? आपला जाहीर पाठिंबा."

विमा एजंटानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. एखाद्यानं किडनी द्यायची तयारी दाखवली की घरचे लोक धरतात तसा. कारकुनानं नुसती भज्यांची प्लेट माझ्याकडं सरकवली. भूमापनच्या माणसानं स्वतःच्या पुढ्यातली प्लेट सरकवली, तेव्हाच खरं तर मला शंका यायला पाहिजे होती.

बैठक त्याच हॉलमध्ये होती. फळ्यापाशी शिबिराचा सगळा भार वाहणाऱ्या बाई. त्या उदगीरच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, आणि सुट्टीतसुद्धा त्यांच्या हातात खडू असतो. त्यांनी भराभर कामं वाटली. गाणी कुणाकडं, माती कुणाकडं, खाऊ कोणत्या दिवशी कुणाच्या घरचा. मग म्हणाल्या, "आता अध्यक्ष. कोण होतंय?"

कुणी पंख्याकडं बघतंय, कुणी चपलेचा अंगठा तपासतंय. मी सावकाश उठायला लागलो. पुरता उभा राहायच्या आत औषध दुकानदारानं माझं नाव सुचवलं, एजंटानं अनुमोदन दिलं आणि टाळ्यासुद्धा वाजून गेल्या. एका आईनं तर डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, भावना.

मी भाषण केलं. सहकार, संस्कार, उद्याचा नागरिक, जे जे काकांच्या तोंडून ऐकलं होतं ते सगळं केलं. बाईंनी मधेच घड्याळ बघितलं.

"बसा आता अध्यक्ष. पोरीचं नाव घातलंय. पहिल्या दिवशी लवकर या. आणि जुने कपडे घालून या."

साधी राहणी, असं मी मनात म्हणालो.

घरी जाताना रस्त्यातूनच काकांना फोन लावला.

"काका, अध्यक्ष झालो."

"कशाचा रे?"

"सहकारीच आहे एक. लातुरात."

"मतदान?"

"बिनविरोध."

पलीकडं काकांनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "घराण्याचं नाव राखलंस बघ. आम्हालाबी एकदा मतदान घ्यावं लागलं होतं. शेवटच्या दिवशी येतो मी. तुझा सत्कार माझ्या हातानं करतो."

पहिल्या दिवशी मी जुने कपडे घातले नाहीत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. पोरगी बोट धरून गल्लीभर सांगत चालली होती, "माझे पप्पा अध्यक्ष हायेत." हॉलच्या दारात बाई उभ्याच होत्या. त्यांनी माझ्या सदऱ्याकडं एकवार बघितलं, "या" म्हणाल्या आणि मागच्या बोळात घेऊन गेल्या. तिथं दोन संडास. शेजारच्या भिंतीवर ट्यूशनवाल्यांनी पचनसंस्थेचं भलंमोठं चित्र टांगलेलं, घशापासून शेवटपर्यंत. चित्राखाली एक बादली, एक तांब्या, साबण, आणि कुणाकुणाच्या घरून आलेल्या जादा चड्ड्यांची पिशवी.

"हे तुमचं खातं," बाई म्हणाल्या.

"खातं?"

"पोरांची शी-शू. बसवायचं, धुवायचं, चड्डी घालून परत पाठवायचं."

"पण बाई, मी तर अध्यक्ष..."

"म्हणूनच. गेल्या साली हे काम कुणी घेईना. पाळी आली की ज्याला त्याला ताप यायचा. मग आम्ही ठराव केला, जो अध्यक्ष त्याच्याकडं हे खातं. तवापासून अध्यक्षच मिळंना बगा." त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "तुम्ही आलात. देवासारखे आलात."

"आणि मी राजीनामा दिला तर?"

"द्या की. कुणी अडवलंय? पण तुमच्या पोरीची जागा याच कामावर आलीय. बाकीची कामं वाटून झाली. बाहेर दोघंजण वाट बघून राहिलेत, तुमच्या जागंसाठी."

मी हॉलकडं बघितलं. पोरगी एका बाकावर चढून तिथल्या पोरांना काहीतरी समजावून सांगत होती. बहुतेक अध्यक्ष म्हणजे काय ते. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

पहिलं गिऱ्हाईक औषध दुकानदाराचा पोरगा. मी आयुष्यात हे काम केलेलं नव्हतं. त्याचे दोन्ही हात धरून बसवलं, तोवर ठीक. मग जे धुतलं त्यात तो मानेपर्यंत भिजला, मी गुडघ्यापर्यंत आणि बादली रिकामी. लातुरात उन्हाळ्यात पाणी सांडल्याचा आवाज माणसाला झोपेतही ऐकू येतो. बाई पळत आल्या.

"एका पोराला एक तांब्या! टँकर काय तुमच्या काकाचा आहे का?"

काकांचा उल्लेख ऐकून मी दचकलो. पण ती नुसती बोलायची पद्धत होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती झोपेतून उठून बसली आणि हसायला लागली. हसणं थांबेना. शेवटी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चार वर्षांत स्वतःच्या पोरीचं एकदा तरी धुतलं का? 'अगं, बघ तिला' म्हणायचं आणि पेपरात तोंड घालायचं. आता धुवा गल्लीचं!"

पुढं येईल म्हणालो होतो ते हे.

पोरीला हे सगळं ठाऊक होतं. तिच्या लेखी तिचे पप्पा हे काम करणारे नव्हतेच. बोळात जो तांब्या घेऊन उभा होता तो दुसरा कुणीतरी. सगळ्या शिबिराची पोरं माझ्याकडं येत होती, ती एकटी येत नव्हती. अकरा वाजले की पायात पाय अडकवत, ओठ दाबून, तरातरा घरी चालत सुटायची आणि नुकत्याच डोळा लागलेल्या आईला हलवायची. बायको माझ्याकडं बघून विचारायची, "आजपण नाही?" मी मान हलवायचो. जून जवळ येत होता.

बाकीच्यांनी मात्र मला उसंत दिली नाही. मांडी ठोकून बसावं तोच हॉलमधून आरोळी, "अध्यक्ष, आली!" पळावं, बसवावं. पोरं बसली की मी काहीतरी चांगलं सांगायला बघायचो, श्रमाचं महत्त्व वगैरे, तेवढ्यात, "अध्यक्ष, झाली!" माझं बोलणं इतक्या वेळा मधेच तोडणारी सभा मी बघितली नव्हती. पन्ह्याच्या दिवशी तर बोळात रांग लागायची. एकदा गंजगोलाईत भाजी घेत होतो. बापाच्या स्कूटरवर पुढं उभं असलेलं एक पोरगं ओरडलं, "अध्यक्ष!" शेजारच्या भाजीवाल्यानं मला वाकून नमस्कार केला आणि कोथिंबीर जास्त दिली. मी ती घेतली. पदाचा तेवढाच लाभ मला मिळाला.

आठवडाभरानं मात्र मी टेकीला आलो आणि एक नामी युक्ती काढली. पॅनलच्या तिघांना पुन्हा त्याच हॉटेलात नेलं.

"माझ्यावर अविश्वास ठराव आणा," मी म्हणालो.

एजंटाला ठसका लागला. मी समजावून सांगितलं. राजीनामा दिला तर पोरीची जागा जाते, पण मला तुम्हीच पाडलं तर पोरीचा काय दोष? मला दुसरं काहीतरी द्यावंच लागेल. मी सुशीला करीन, गाणी म्हणीन, काहीही करीन. फक्त पाडा.

औषध दुकानदारानं हातातलं भजं खाली ठेवलं. "भाऊ, असलं अभद्र बोलू नका. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"माझ्या पोराचा तर तुमच्याशिवाय कुणावरच नाही," एजंट म्हणाला. "घरीसुद्धा अध्यक्षाला बोलवा म्हणून रडतंय."

"अहो, पण सहकारात विरोधी आवाज पाहिजे की नको?"

"पाहिजे की," कारकून पहिल्यांदाच बोलला. "पण विरोध करणाऱ्याच्या गळ्यात पडलं म्हंजे?"

आणि त्यानं या वेळी सगळे भजे खाल्ले. माझेसुद्धा.

एवढ्यावर थांबते तर ठीक होतं. त्यांनी जाऊन बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या पोरांपुढं विश्वासदर्शक ठराव मांडला. हात वर करायला सांगितले. सगळे हात वर. पोरं दोन्ही हात वर करून नाचली. माझी पोरगी मात्र हात खाली ठेवून बसली होती. नांदेडला दोन मतं पडली होती तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

त्या दिवसानंतर मी जरा नीट लक्ष घालायला लागलो. मोठ्या माणसांच्या त्या भांड्यावर बारक्या पोरांना पडायची भीती वाटते. म्हणून समोर उकिडवं बसून त्यांचे दोन्ही हात धरायचे. पाणी एकदम ओतायचं नाही, तांब्याची धार बारीक ठेवायची. एका तांब्यात एक पोरगं, थेंबही वाया नाही, इथपर्यंत माझा हात बसला. आणि मग लक्षात आलं की बोळाच्या तोंडाशी कुणीतरी उभं असतं. माझी पोरगी. पचनसंस्थेच्या चित्राला टेकून, हाताची घडी घालून, कामाची तपासणी चाललेली.

"साबण लई घेता तुम्ही," एकदा म्हणाली आणि निघून गेली.

घरी तिनं बाहुल्या भिंतीला ओळीनं बसवल्या होत्या. हातात प्लास्टिकची वाटी. एकेकीला उचलत होती आणि म्हणत होती, "झाली? चल. पुढचा!" बायकोनं मला दारातूनच खूण करून थांबवलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी ती बोळात आली ती पोटावर हात ठेवून. मी तांब्या भरून उभा. "येते का?" शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं. तिनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चित्रातल्या आतड्यांकडं बघितलं आणि मागं फिरली. अकरा वाजता पुन्हा पायात पाय, पुन्हा आईला हलवणं.

"दाराशी आली होती आज," मी बायकोला म्हणालो. "अर्ज घेऊन गेली. भरला नाही."

"उद्या शेवटचा दिवस आहे," बायको म्हणाली. हसली नाही.

शेवटच्या दिवशी काका मुखेडहून एसटीनं आले. धोतर, टोपी, काखेत पिशवी आणि पिशवीत शाल, नारळ. बाईंनी त्यांना मानाची खुर्ची दिली आणि कुठून कोण जाणे, तिच्यावर एक टॉवेलही टाकला. काका त्या टॉवेलवर असे विसावले जणू घरी आले. बायको रात्रपाळी संपवून परस्पर हॉलवर आली होती, मागच्या बाकावर बसून पेंगत होती. पोरांनी नाटुकलं केलं. मग बाई म्हणाल्या, "आता अध्यक्ष दोन शब्द बोलतील. दोनच."

काकांनी अभिमानानं मान डोलावली. मी उभा राहिलो, घसा साफ केला.

"बंधू-भगिनींनो, सहकाराची पाळंमुळं या मातीत..."

"अध्यक्ष, आली!"

एव्हाना शिबिरातल्या प्रत्येक पोराचा आवाज मला ओळखू येत होता. हा आवाज त्यात आजवर कधी नव्हता. पोरगी बाकावर उभी होती, एक हात पोटावर. बायको खडबडून जागी झाली आणि सवयीनं उठली.

"तू नको," पोरगी म्हणाली. "अध्यक्ष."

काकांनी माझी बाही ओढली. "कोण आली रे?"

"त्यांच्या खात्याचं काम आलंय," बाई म्हणाल्या.

"मग जा की!" काका म्हणाले. "खातं आधी. भाषण कुठं पळून चाललंय?"

मी गेलो. सत्कारासाठी घातलेल्या त्याच पांढऱ्या सदऱ्यात, उकिडवा बसलो. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. मी काहीतरी बोलणार होतो, पण तिनं डोळ्यांनीच गप्प केलं. मग बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांकडं बघत गंभीरपणे बसून होतो. हॉलमध्ये कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "झाली." बारीक धार, एक तांब्या, साबण थोडाच.

चड्डी घालून तिला बोळात आणलं तर चित्राखाली काका उभे. एका हातात शाल, एका हातात नारळ. पुतण्याचं खातं बघायला म्हणून मागोमाग आलेले. त्यांनी बादली बघितली, तांब्या बघितला, माझ्या भिजलेल्या बाह्या बघितल्या. दूध संस्थेचा सगळा कारभार बघितलेला माणूस, पण शाल-नारळ कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांच्या मागं बायको येऊन उभी राहिली होती, हसत होती की काय करत होती ते मला नीट दिसलं नाही.

"चला चला," मी म्हणालो, "भाषण राहिलंय माझं."

काकांनी मला बाजूला सारलं. ते खाली वाकले आणि सभासदाला विचारावं तशा आवाजात त्यांनी पोरीला विचारलं, "काय बाई, कसा काय आहे तुमचा अध्यक्ष?"

पोरीनं थोडा विचार केला.

"धुतात चांगलं," ती म्हणाली. "पण बोलतात लई."